एका हौशी पटकथेची साक्ष

वाङ्मयकृतींच्या रूपांतरांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सिद्धीस गेलेल्या रूपांतरांकडेच वळते. कागदावर विरून गेलेल्या प्रयत्नांची बोळवण एखाद्या तळटीपेत होते. परंतु फसलेला प्रयत्नही मूळ कृतीवर अनपेक्षित प्रकाश टाकू शकतो. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतरम्य कादंबरीची मॉर्टन ग्रेडी झिमरमन यांनी केलेली पटकथेची संहिता हे याचे बोलके उदाहरण होय.

कादंबरीचे तीन खंड १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५५-५६ मध्ये बी.बी.सी.ने तिचे नभोवाणी-रूपांतर सादर केले. ते लेखकास रुचले नाही. पुढे सप्टेंबर १९५७ मध्ये अमेरिकेतील विज्ञानकथांचे निष्ठावंत चाहते फॉरेस्ट जे. ॲकरमन चित्रपटाचा प्रस्ताव घेऊन ऑक्सफर्डला आले. झिमरमन यांची संहिता आणि रॉन कॉब यांची चित्रे त्यांनी सोबत आणली होती. टॉल्किन यांना चित्रे आवडली. संहितेबद्दल मात्र त्यांचे मत प्रतिकूल झाले. तरीही त्यांनी प्रस्ताव तत्काळ धुडकावला नाही. कलेचा मान राखला जावा, अन्यथा मोबदला तरी भरघोस मिळावा, असा व्यवहारी विचार त्यांनी केला होता.

जून १९५८ मध्ये त्यांनी ॲकरमन यांना संहितेवरील सविस्तर अभिप्राय कळविला. त्यातील आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार निष्काळजीपणाचा: बोरोमिरचे नावच चुकीचे लिहिलेले, ऋतूंचा क्रम सोडलेला, गरुडांची ने-आण अकारण वाढविलेली. दुसरा प्रकार अधिक मूलगामी आहे. ज्या प्रसंगांवर कथेचा विशिष्ट सूर अवलंबून आहे तेच गाळून लढायांना प्राधान्य दिले गेले, ही लेखकाची खरी व्यथा होती. काळ्या स्वारांची दहशत त्यांच्या मौनात आहे. संहितेने त्यांना किंचाळावयास लावले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. टॉल्किन यांचा काटछाटीस विरोध नव्हता. सर्व काही आक्रसून कोंबण्यापेक्षा एखादा भाग समूळ वगळावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रसंगी हेल्म्स डीपच्या युद्धावरही पाणी सोडण्याची त्यांची तयारी होती. माध्यम बदलले तरी कथनकलेचे मूलभूत नियम सर्वस्वी बदलत नाहीत, ही त्यांची भूमिका होती. आपल्या कथेत अपरिहार्य काय आणि त्याज्य काय, याचा निवाडा लेखकाने इतक्या स्पष्टपणे क्वचितच केला असेल. आणि तो त्यास करावा लागला तो या सदोष संहितेमुळेच.

मात्र या साधनाचा उपयोग करताना न्यायबुद्धी सुटू नये. १९८१ मध्ये हम्फ्री कार्पेंटर यांनी संपादित केलेल्या टॉल्किन यांच्या निवडक पत्रांत या अभिप्रायाचे काही अंशच आले आहेत. परिणामी बहुतेक वाचकांना झिमरमन भेटतात ते केवळ त्यांच्या संतप्त टीकाकाराच्या मुखातून. वादीचे म्हणणे ऐकून प्रतिवादीचा निकाल लावणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. सुदैवाने टॉल्किन यांच्या टिपांसह ही संहिता अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठाच्या संग्रहात उपलब्ध आहे. मूळ पाने आणि त्यांच्या समासांतील टिपा शेजारी ठेवून वाचल्याखेरीज अंतिम मत देणे उचित नव्हे.

या योजनेतून चित्रपट निघाला नाही. १९६९ मध्ये चित्रपटाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या संस्थेस विकले गेले. राल्फ बाक्षी यांचा चित्रपट १९७८ मध्ये, तर पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले. १९५८ मध्ये उपस्थित झालेला प्रश्न या चित्रपटांनाही चुकला नाही: ग्रंथावरील प्रेम हा रूपांतराचा अधिकार ठरतो काय? झिमरमन यांची संहिता एवढे निश्चित सांगते की, प्रेमाने लेखणी उचलता येते. काय गाळावे हे ठरविण्यासाठी मात्र ग्रंथाचे सावध वाचनच लागते.