मानमोडीचे साल: एका तापाचा आणि घरगुती उपचारांचा इतिहास

१/
दख्खनच्या खेड्यांत १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला लोकांनी स्वतःचे नाव दिले होते : मानमोडी. अंग ठणकते, डोके वर उचलवत नाही, धडधाकट माणूस दोन दिवसांत मान टाकतो, हे सारे त्या एका शब्दात आले. या रोगावर डॉक्टरांपाशीही नेमके औषध नव्हते. बहुतेकांची लढाई घरातच झाली. ती कोणत्या घरात जिंकली गेली आणि कोणत्या घरात हरली गेली, याचा हा इतिहास.

२/
प्रारंभ मुंबईत झाला. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. ती पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र फुप्फुसांवर उतरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

३/
शहरातून रोग रेल्वेने गावोगाव गेला. मुंबई-पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावर दौंड, आणि दौंडहून बारामतीस जाणारा अरुंद रुळांचा फाटा १९१४ पासून सुरू झालेला. गूळ आणि धान्य नेणारी हीच वाट गिरणीतून ताप घेऊन घरी परतणाऱ्या माणसालाही खुली होती.

४/
बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेतला. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात आला. त्याच्या काठी ऊस उभा राहिला. पण कालव्यापासून दूर, माळावरच्या गावांचे जीवन पावसावरच अवलंबून होते. आणि १९१८ चा पाऊस रुसला. खरीप करपले, चारा संपला, महायुद्धामुळे आधीच चढलेले धान्याचे भाव आणखी वाढले. साथ आणि दुष्काळ एकाच हंगामात दाराशी आले.

५/
सरकारी दवाखाना तालुक्याच्या गावी, आणि डॉक्टरांपैकी अनेकजण युद्धावर. शिवाय लोकांच्या मनात १८९७ च्या प्लेगची आठवण ताजी होती. घरांत शिरून केलेल्या झडत्या आणि रुग्णांना बळाने हलविणे या गोष्टी पुणे जिल्हा विसरलेला नव्हता. रुग्णालय म्हणजे परत न येण्याची जागा, हा समज घट्ट होता. म्हणून उपचार घरी.

६/
घरी काय होते? सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध यांचा काढा. हळद घातलेले दूध, दूध असेल तर. तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगायला, कपाळाला सुंठ-वेखंडाचा लेप, अंगावर घोंगडी. वैद्य जवळ असेल तर सितोपलादी चूर्ण किंवा त्रिभुवनकीर्ती; या दुसऱ्या औषधात बचनाग असल्याने मात्रा चुकली तर धोका. शहरात १८९३ पासून मुंबईत तयार होणारे अमृतांजन मिळे. दवाखान्यात क्विनाइन आणि अ‍ॅस्पिरिन. क्विनाइनचा या तापावर उपयोग नव्हता. अ‍ॅस्पिरिनने ताप उतरे, रोग नव्हे.

७/
यांपैकी कशानेही विषाणू मरत नव्हता. तो विषाणू आहे हेच तेव्हा ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये वेगळा करण्यात आला. मग काढा निरर्थक होता काय? नाही. त्यामुळे तापलेल्या देहात पाणी जाई, घसा ओला राही, आणि कोणीतरी उशाशी बसलेले असे. याच तिसऱ्या गोष्टीचे मोल सर्वांत अधिक होते.

८/
याचा पुरावा मुंबईच्या आकड्यांत आहे. साथीतील मृत्यूंचे प्रमाण हजारी असे नोंदले गेले : युरोपीय ८.३, पारशी ९.०, इतर हिंदू १८.९, मुसलमान १९.२, आणि तेव्हाच्या नोंदीत ‘खालच्या जातींचे’ म्हटलेले हिंदू ६१.६. रोग एकच, शहर एकच, आणि खात्रीचे औषध कोणापाशीच नाही. तरीही साधारण सातपट अंतर. हवेशीर खोली, दूध, कोरडे अंथरूण, आठवडाभर कामावर न जाण्याची सोय आणि सेवेला माणूस यांचाच तो फरक होता. अंथरुणात पडून राहा, असा सल्ला वर्तमानपत्रे देत होती. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याला तो कसा पाळता यावा?

९/
खेड्यात दुष्काळाने हे अंतर आणखी रुंदावले. नव्या तापात लंघन करावे, मग पेज, मुगाचे कढण, ज्वारीच्या कण्या अशा क्रमाने अन्न वाढवावे, हा वैद्यकाचा जुना नियम. पण ज्या घरात आधीच अर्धपोटी दिवस चालले होते, तिथे लंघन सांगायचे कोणाला? आणि ताप उतरल्यावर कण्यांसाठी ज्वारी आणायची कुठून?

१०/
त्यात एक निराळीच गोष्ट घडली. ही साथ म्हातारे व मुले यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर तुटून पडली. आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. त्याच आजाऱ्यांची सेवा करीत, त्याच सर्वांच्या शेवटी आणि सर्वांत कमी जेवत. गरोदर स्त्रियांची अवस्था तर फारच कठीण. पाणी भरणारी, दळणारी, काढा उकळणारी बाई पडली की घर पडे. सारे घर एकाच वेळी तापाने आडवे, आणि घागर रिकामी. कित्येकांना मरण आले ते न्यूमोनियाने. पण घोटभर पाणी देणारे कोणी उरले नाही, हेही मरणाचे कारण होते.

११/
मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे गेली. देशातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे आहेत. आजच्या भारताच्या हद्दीत लोकसंख्या घटलेले दशक एकच, १९११ ते १९२१.

१२/
पुढे पुण्यातच १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यातच गेला, आणि सारे शहर रुमालाने तोंड बांधून फिरू लागले. या वेळी नमुना तपासण्याची सोय होती, ओसेल्टामिविर होते, लसही आली.

१३/
घरगुती उपचारांतील बरेच काही अजून टिकून आहे. गरम पेये, विश्रांती, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी आराम पडतो. मधाने खोकला हलका होतो. मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. वाफेच्या भांड्याने मुले भाजतात, आणि फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देणे धोक्याचे ठरले आहे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही लक्षणे काढ्याची नव्हेत, दवाखान्याची. १९१८ साली माळावरच्या गावातल्या बाईला ही लक्षणे दिसत होतीच. बैलगाडी जुंपून आजाऱ्याला न्यावे, असे ठिकाण तिच्यापाशी नव्हते.