आदामाचें पाप आणि तान्हें मूल

इ. स. ४१० च्या ऑगस्ट महिन्यांत अलारिक या गॉथ राजाच्या सैन्यानें रोम शहर लुटलें. त्या धामधुमींत रोम सोडून जे लोक आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले, त्यांत ब्रिटन बेटांतून आलेला पेलागियस नांवाचा एक तपस्वी होता. हिप्पो नगरचा बिशप ऑगस्टिन यानें त्याला कार्थेज येथें एकदोनदां पाहिलेंही. परंतु त्या वेळीं तो दुसऱ्याच एका वादांत गढलेला होता. पुढें या दोघांमध्यें जो विरोध माजला, त्यानें पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्माचा पापाविषयींचा सिद्धांत कायमचा ठरविला.

तारणाचा विचार हा पापाच्या विचारावर उभा असतो. मनुष्य किती खोल पडला आहे हें ठरल्यावांचून त्याला वर काढावयास कोण लागेल, हें ठरत नाहीं.

पेलागियस हा धर्मगुरु नव्हता. रोममधील सुखवस्तु कुटुंबांतील ख्रिस्ती लोक आपल्या सैलपणाला ‘मनुष्य दुर्बळच आहे’ या सबबीनें झाकीत, याची त्याला चीड होती. देवानें जें आज्ञापिलें तें करण्याचें सामर्थ्यही त्यानेंच मनुष्याला दिलें आहे, नाहीं तर आज्ञेला अर्थ काय, असा त्याचा रोखठोक सवाल असे. आदामानें आपणांस वाईट उदाहरण घालून दिलें. रोग दिला नाहीं. ४१३ च्या सुमारास डेमेट्रियस नामक एका कुलीन कुमारिकेनें आजन्म ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें, तेव्हां तिला लिहिलेल्या पत्रांत त्यानें हाच धीर दिला आहे. ऑगस्टिनाच्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथांत, देवानें जें मागावें तें आधीं त्यानेंच द्यावें, अशी एक प्रार्थना आहे. ती कोणी बिशपानें रोममध्यें म्हणून दाखवितांच पेलागियसचा संताप अनावर झाला, असें स्वतः ऑगस्टिनच नमूद करतो.

पण ऑगस्टिनाची ती प्रार्थना पुस्तकी नव्हती. सोळाव्या वर्षीं सोबत्यांबरोबर त्यानें शेजारच्या झाडाचीं नासपतीं चोरलीं; भूक नव्हती, फळेंही फारशीं चांगलीं नव्हतीं, आणि शेवटीं तीं डुकरांपुढें टाकलीं. चोरीचा आनंद होता तो केवळ चोरीचाच. एवढ्याशा खोडीवर त्यानें पानेंच्या पानें खर्च केलीं आहेत, तीं उगीच नव्हेत. चांगलें काय तें कळत असूनही इच्छाच वांकडी चालते, आणि ती सरळ करणें इच्छेच्या हातीं नसतें, हें त्यानें पुढें वर्षानुवर्षें अनुभवलें होतें.

खरा पेंच पडला तो तान्ह्या मुलापाशीं. आफ्रिकेंत अर्भकांना बाप्तिस्मा देण्याची चाल होती, आणि तो पापक्षमेसाठींच दिला जाई. मग एक दिवसाच्या बाळाचें पाप कोणतें? आदामाचें, असें ऑगस्टिनाचें उत्तर. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रांतील एका वाक्याचा त्याला आधार वाटे. मूळ ग्रीकचा अर्थ ‘सर्वांनीं पाप केल्यामुळें’ असा लागतो. लॅटिन भाषांतरांत मात्र तो ‘ज्याच्या ठायीं सर्वांनीं पाप केलें’ असा होऊन बसला होता. ऑगस्टिनाचें ग्रीक बेताचेंच होतें. ग्रीक भाषक पौर्वात्य ख्रिस्ती संप्रदायांनीं आदामापासून मरण वारशानें आलें असें मानलें. अपराधही वारशानें येतो ही कल्पना त्यांच्यांत तशी रुजली नाहीं. पूर्वकर्माची कल्पना ज्यांच्या अंगवळणीं पडली आहे, त्यांनीं येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. कर्माच्या हिशेबांत जो तो आपलेंच फेडतो. येथें एका पूर्वजाचें ऋण साऱ्या वंशाच्या नांवें मांडलेलें असतें, आणि तें फेडणाराही एकच असतो.

वादाचा निकाल केवळ युक्तिवादानें लागला नाहीं. ४१५ सालीं पॅलेस्टाइनमधील धर्मसभेनें पेलागियसला निर्दोष ठरविलें. ४१७ मध्यें पोप इनोसंट यानें दोषी ठरविलें. त्याच्या मागून आलेल्या झोसिमसनें प्रथम त्याची बाजू घेतली, आणि ४१८ मध्यें बादशहा होनोरियसचें फर्मान निघाल्यावर तीही फिरविली. यानंतर पेलागियस इतिहासांतून नाहींसाच होतो. झोसिमसच्या पत्रावर सही न करणारे अठरा इटालियन बिशप पदच्युत झाले. त्यांतील एक्लानमचा जूलियन याची जीभ तिखट होती. ज्या देवाच्या न्यायांत नवजात बालकें दंडास पात्र ठरतात, तो न्याय कसला, हा त्याचा प्रश्न होता. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या अर्भकांची शिक्षा सर्वांत सौम्य असेल, यापलीकडे ऑगस्टिन जाऊं शकला नाहीं. आणि त्याला स्वतःला बाप्तिस्मा मिळाला होता तो वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं! जूलियनला द्यावयाचें शेवटचें उत्तर अपुरें टाकूनच, व्हँडल लोकांचा हिप्पोला वेढा पडलेला असतां, २८ ऑगस्ट ४३० रोजीं तो वारला.

ऑरेंज येथील ५२९ च्या धर्मसभेनें कृपेची आवश्यकता मान्य केली. परंतु देवानें कोणाला पापासाठींच नेमून ठेवलें आहे, हें मत धिक्कारलें. पुढें मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टिनाच्याच नांवाच्या संन्यासी पंथांतून निघाला. आदामाच्या पतनाची हीच कथा फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें १६१६ सालीं छापलेल्या आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त गोमंतकांतील नवख्रिस्ती लोकांना मराठी ओव्यांतून सांगितली.

बालकांचा प्रश्न मात्र मिटला नाहीं. मध्ययुगांतील पंडितांनीं त्यांच्यासाठीं ‘लिंबो’ नांवाचें एक दुःखरहित, पण देवदर्शनालाही मुकलेलें स्थान कल्पिलें. एप्रिल २००७ मध्यें पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीनें रोममधील धर्मपंडितांच्या मंडळानें एक निबंध प्रसिद्ध केला. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या अर्भकांचें तारण होईल अशी आशा धरण्यास सबळ कारणें आहेत, असें त्यांत म्हटलें आहे. निश्चित ज्ञान आहे, असें म्हटलेलें नाहीं.