अडचण संपल्यावर पुढे काय? : अण्णा कर्वे आणि एक जपानी पुस्तिका

आजचा एपिसोड एका गणिताच्या प्राध्यापकावर आहे. धोंडो केशव कर्वे. नाव शाळेत ऐकलेलं असतं, भारतरत्न मिळालं हेही पाठ असतं. पण मला त्यांच्या आयुष्यातलं एक वळण सांगायचंय, जे पुस्तकात दोन ओळींत उरकतं.

आधी एक गंमत बघा. अण्णांनी काढलेल्या संस्थांची नावं ओळीने लावा. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुड या त्यांच्या कोकणातल्या गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. १८९५ मध्ये तिचं नाव बदलून झालं ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी’. म्हणजे काय, तर अडथळा दूर करणारे लोक. १८९६ साली आली ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’. नावातच ‘अनाथ’.

मला ही नावं फार बोलकी वाटतात. दोन्हींची सुरुवात कुठून होते? काय चुकलंय, काय नाहीये, इथून.

आणि तेव्हा तेच बरोबर होतं. आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा व्हायची, तिचं केशवपन व्हायचं, उरलेलं आयुष्य स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात जायचं. घराला आग लागली असताना नवीन बंगल्याचा नकाशा कोण काढत बसेल? १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. आज आपण त्या भागाला कर्वेनगर म्हणतो. तेव्हा तिथे माळरान आणि एक झोपडी होती. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला जायचे.

आता वळण. आश्रमात बायका शिकू लागल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहू लागल्या. मग प्रश्न आला, की मुलीने शिकायचं ते विधवा झाल्यावरच का? संकट आलं की शाळा, नाही तर नाही, हा कुठला न्याय? १९०७ साली त्यांनी नवी शाळा काढली. नाव बघा: ‘महिला विद्यालय’. या नावात कसलीच उणीव नाही. अनाथ नाही, प्रतिबंध नाही. फक्त महिला आणि विद्या.

पुढे त्यांच्या हातात एक पुस्तिका आली, तोक्योच्या महिला विद्यापीठाची. जिन्झो नारुसे यांनी ते १९०१ मध्ये सुरू केलं होतं. अण्णांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, भाषण तयार करायचं होतं, तेव्हा ती पुस्तिका पुन्हा बाहेर निघाली. भाषणात त्यांनी थेट मांडलं: आपल्याकडेही बायकांचं विद्यापीठ हवं, आणि शिकवणं मातृभाषेतून हवं.

१९१६ साली ‘भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ सुरू झालं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात किती मुली? पाच! सरकारी मान्यता नाही. अण्णांचं वय ५८. पण चित्र इतकं स्पष्ट होतं की लोक त्यात आपला वाटा शोधू लागले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. आपलं एसएनडीटी ते हेच.

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. स्वप्नालाही त्याच्या काळाची कुंपणं असतात. अण्णांच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्राला मोठी जागा होती, शिकलेली बाई मुख्यतः उत्तम गृहिणी आणि आई होईल असं त्यांना वाटत होतं. ‘बायकांना वेगळं शिक्षण का? मुंबई विद्यापीठात पुरुषांच्या बरोबरीने शिकू द्या’, असा विरोध सुधारकांमधूनही झाला. मला तो विरोध रास्त वाटतो. पण नंतरच्या मुलींनी त्याच वर्गांत बसून आपापली वेगळी चित्रं काढली. त्यासाठी आधी वर्ग असावा लागतो ना!

म्हणून आश्रम लहान आणि विद्यापीठ मोठं, असं मी म्हणणार नाही. आश्रमाने मुलींना वाचवलं नसतं तर विद्यापीठाचं स्वप्न हवेतच राहिलं असतं. पण अण्णा आश्रमावरच थांबले असते, तर ते आयुष्यभर फक्त आगी विझवत राहिले असते.

आपल्या मोबाइलमध्येही एक यादी असतेच. केटी काढायची, हप्ता फेडायचा, ही नोकरी सोडायची. सगळी ‘प्रतिबंध निवारक’ कामं. करायलाच हवीत, सुटका नाही. पण आज त्या यादीखाली एक ओळ लिहून बघा: हे सगळं मिटल्यावर मला नेमकं काय उभं करायचंय? उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल. अण्णांनीही ती पुस्तिका आधी बाजूलाच ठेवली होती.