समायोजनाचे मूळ रुळांवर

जकात उतरवायची, परदेशी माल आत येऊ द्यायचा आणि त्यापायी ज्याचे काम जाईल त्या कामगाराला सरकारने सावरायचे. अमेरिकेची ही योजना ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ या नावाने ओळखली जाते. तिची रूढ जन्मकथा छोटी आहे. पोलाद कामगार संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड यांनी परराष्ट्र आर्थिक धोरणासाठी नेमलेल्या रँडॉल आयोगाचे सदस्य या नात्याने ही कल्पना मांडली. जानेवारी १९५४ च्या अहवालात आयोगाने ती स्वीकारली नाही. त्याच वर्षी सिनेटर केनेडी यांनी तिचे विधेयक आणले आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच व्यापार विस्तार कायद्यावर सही केली. हे सारे खरे आहे, पण ही झाली जन्मतारीख. कूळ शोधायचे तर आणखी मागे जावे लागते, आणि ती वाट बंदरावर किंवा जकातनाक्यावर न पोचता रेल्वेच्या रुळांवर पोचते.

सुरुवात नावातल्या विचित्र शब्दापासून करू. भरपाई नाही, मदत नाही, विमा नाही, ‘अ‍ॅडजस्टमेंट’. या शब्दाच्या व्युत्पत्तीवर दोन मते आहेत. वरवर पाहता त्यात लॅटिन ‘जुस्तुस’, म्हणजे न्याय्य, दिसतो. दुसऱ्या मताप्रमाणे मूळ ‘युक्स्ता’, म्हणजे जवळ, असे आहे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘जवळ आणणे, जोडणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यात न्याय पाहून त्याचे वर्णलेखन बदलले. मला दुसरे मत पटते, कारण अर्थाचा प्रवास त्यानेच नीट उलगडतो. आपले ‘समायोजन’ही ‘युज्’ धातूचे, म्हणजे जोडण्याचेच. अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होते तेव्हा शिक्षकाला दुसऱ्या शाळेशी जोडतात; त्याच्यावर अन्याय झाला की नाही हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही. या योजनेच्या नावातही न्यायाचा भास आहे, अर्थ मात्र ‘जुळवून घ्या’ एवढाच आहे.

हा शब्द अमेरिकी कायद्यात ठळकपणे बसवला तो १९३३ च्या शेती समायोजन कायद्याने. पीक कमी घेण्यासाठी शेतकऱ्याला सरकार पैसे देऊ लागले. बाजारातल्या बदलाशी माणसाने जुळवून घ्यावे आणि त्याची किंमत सार्वजनिक निधीतून चुकवावी, ही सांगड तिथली. नाव शेतीकडून आले असे मी म्हणतो ते यासाठी.

देह मात्र रेल्वेचा आहे. मंदीच्या काळात अमेरिकी रेल्वे कंपन्या मार्ग, स्थानके आणि कार्यशाळा एकत्र करू लागल्या. एकत्रीकरणातली बचत म्हणजे मुख्यतः माणसांची बचत. मे १९३६ मध्ये कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात वॉशिंग्टन करार झाला. एकत्रीकरणाने काम गेलेल्याला सरासरी कमाईच्या ६० टक्के भत्ता, दीर्घ सेवा असेल तर पाच वर्षांपर्यंत. दुसऱ्या गावी जावे लागले तर सामान हलवण्याचा खर्च, आणि घर तोट्यात विकावे लागले तर त्या तोट्याचीही भरपाई. १९४० च्या वाहतूक कायद्याने असे संरक्षण ही विलीनीकरणाच्या मंजुरीची अटच केली. यामागचा विचार सरळ आहे: बदल सर्वांच्या हिताचा असेल, तर त्याचे ओझे ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यावरच ते पूर्ण टाकू नये. १९६२ चा कायदा उघडून पाहावा. सरासरी पगाराच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, साधारण ५२ आठवडे, प्रशिक्षण, स्थलांतराचा खर्च. इतके साम्य योगायोगाचे मानणे मला कठीण जाते.

याला प्रतिस्पर्धी मत भक्कम आहे. १९५१ च्या पॅरिस करारातून उभ्या राहिलेल्या युरोपीय कोळसा-पोलाद संघाने सामाईक बाजारामुळे काम गेलेल्यांना निर्वाहभत्ता, पुनर्प्रशिक्षण आणि स्थलांतरासाठी मदत ठरवली होती. मॅकडोनल्ड पोलादाचे, युरोपचा संघ पोलादाचा, आणि तिथला पोलादाचा सामाईक बाजार १९५३ च्या मे महिन्यात खुला झाला. मॅकडोनल्ड बसले तो आयोग नेमला गेला तेही त्याच वर्षी. काळ जुळतो, धंदा जुळतो. तरी हे मत मी दुय्यम मानतो. युरोपच्या तरतुदीत जे आहे त्यातले भत्ता आणि स्थलांतरखर्च पंधरा वर्षे आधी अमेरिकेच्या घरात होते, आणि स्थलांतराची कलमे तर रेल्वे करारात अधिक बारकाईने लिहिली होती. घरात वस्तू असताना ती समुद्रापलीकडून मागवली असे म्हणायला वेगळे कारण लागते. पुनर्प्रशिक्षणावरचा भर युरोपकडून आला असेल, एवढे मी मोकळेपणाने देतो.

खरा आक्षेप वेगळा आहे. रेल्वे करार कंपनीने पाळायचा होता, या योजनेचा पैसा सरकारचा. मग वारसा कसला? माझे उत्तर असे की वारशातला नेमका हाच अंश गळला आणि त्याचे परिणाम पुढे स्पष्ट दिसले. रेल्वेत एकत्रीकरण करणारा, त्यातून कमावणारा आणि भरपाई देणारा एकच होता. जागा रद्द झाल्याचा कागद हाच पुरावा. व्यापारात कमावणारे देशभर विखुरलेले, त्यामुळे पुराव्याचा भार कामगारावर आला. आयात वाढली ती मुख्यतः जकात सवलतीने, आणि काम गेले ते मुख्यतः त्या आयातीने, अशा दोन्ही कड्या सिद्ध करायच्या. परिणाम असा की १९६२ पासून नोव्हेंबर १९६९ पर्यंत या कायद्याखाली कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. दोष कल्पनेचा नव्हता. कॅनडाबरोबरच्या मोटार कराराच्या १९६५ च्या कायद्यात हीच मदत सैल निकषाने ठेवली होती, आणि तिथे अर्ज मंजूर झाले. कामगार संघटनांनी या योजनेला ‘दफनाचा विमा’ म्हटले ते या अनुभवातून. १९७४ च्या कायद्याने निकष सैल केला आणि १९८० साली मोटार उद्योग कोसळला तेव्हा लाखो कामगारांना भत्ता मिळाला. पुढच्याच वर्षी रेगन सरकारने तो आवळला.

पुराव्याचा हा भार शेवटपर्यंत सुटला नाही. संगणक प्रणाली लिहिणाऱ्यांची कामे भारतात हलली, तेव्हा पुण्या-मुंबईत नोकऱ्या उभ्या राहिल्या आणि अमेरिकेतल्या गेल्या. तिकडच्या माणसांनी अर्ज केले. कामगार खात्याने त्यांना सांगितले की तबकडीसारख्या वस्तूवर न उतरलेली प्रणाली ही ‘वस्तू’ नव्हे, म्हणून ते उत्पादक कामगार नव्हेत. न्यायालयातल्या लढायांनंतर २००६ मध्ये खात्याने ही भूमिका सोडली. सेवाक्षेत्राला कायद्यात जागा मिळाली ती २००९ मध्ये, म्हणजे माणसे घरी बसल्यानंतर.

१ जुलै २०२२ पासून या योजनेत नव्या कामगारांना प्रमाणपत्र देणे थांबले, कारण तिची मुदत संसदेने वाढवली नाही. रेल्वे विलीनीकरणात काम जाणाऱ्याला मिळणारे संरक्षण मात्र आजही कायद्यात आहे, आणि ते आता सहा वर्षांपर्यंत चालते.