काजूगराचा आंकडा

जालना जिल्हा हा कापसाचा, मोसंबीचा आणि बियाण्यांचा मुलूख. काजू तेथें येतो तो सोलून, डब्यांत भरून, आणि एक आंकडा अंगावर घेऊन. दिवाळीच्या बाजारास निघालेल्या गृहिणीला दुकानदार विचारतो, "बाई, दोनशें चाळीस देऊं, कीं तीनशें वीस?" मोठा आंकडा तो उंची माल, असें वाटणें स्वाभाविक आहे, वस्तुस्थिति मात्र नेमकी उलट. तें कां, याचें उत्तर इतिहासांत आहे.

काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलमधून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणलें; 'काजू' हें नांवही त्यांच्याच भाषेंतून आलें. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोल्लम व मंगळूर येथील कारखान्यांतून सोललेला गर अमेरिकेस जाऊं लागला. तेथील माप पौंडाचें. म्हणून एका पौंडांत, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅमांत, किती गर बसतात, हीच प्रतीची खूण ठरली. २४० म्हणजे पौंडास २२० ते २४० गर. ३२० म्हणजे ३०० ते ३२०. गर जितका मोठा, तितका आंकडा लहान. आंकड्यापूर्वींचें 'डब्ल्यू' हें अक्षर पांढऱ्या, अखंड गराचें द्योतक होय. १९५६ च्या कायद्यानें देशांत किलो-ग्रॅम आले. १९६३ च्या निर्यात-तपासणी कायद्याखालीं काजूच्या प्रतीही ठरविण्यांत आल्या. पौंड आपल्या बाजारांतून गेला, पण काजूच्या नांवांत राहून गेला.

या इतिहासाचा घरीं उपयोग असा. शंभर ग्रॅम गर मोजून पाहावे. २४० चा माल असेल तर ते पन्नासाच्या आसपास भरतील, ३२० चा असेल तर सत्तरापर्यंत. २४० म्हणून घेतलेले सत्तर भरले, तर दिलेलें दाम आणि मिळालेला माल यांचा मेळ नाहीं, हें खुशाल समजावें.

परंतु आंकडा आकार सांगतो, चव सांगत नाहीं. ताजेपणाविषयीं तर तो एक अक्षरही बोलत नाहीं. तो वासानें व दाताखालींच पारखावा लागतो. फोडतांना किंवा सोलतांना गर दुभंगला कीं त्याची 'पाकळी' होते, आणखी फुटला कीं 'तुकडा'. दोहोंचा भाव उतरतो. पण झाड तेंच, आणि सोलणाऱ्या बायकांचे कष्टही तेच. पाहुण्यांपुढें मांडावयाचा असेल तर २४० घ्यावा. घरच्या फराळास ३२० पुरेसा. शिऱ्यास व मसालेभातास पाकळी, वाटणास व बर्फीस तुकडा. जो गर पाट्यावर वाटूनच टाकावयाचा, त्याच्या आकाराचें मोल मोजणें हा कांहीं शहाणा व्यवहार नव्हे.