घोडीखाली काय अंथरायचं? काड, पीट आणि धुळीची जुनी हकिगत

सारंगखेड्याची यात्रा उरकली की आमच्या भागात दोन-चार नव्या घोड्या येतात. मग विचारणा सुरू होते, "दादा, खाली काय टाकू? पाचट टाकू, का कारखान्याचा बगॅस मिळतोय तो टाकू?" ओल पिणारं पाहिजे एवढं सगळ्यांना कळतं. धुळीचं मात्र कोणी विचारत नाही. घोडी खोकायला लागली की मग धावपळ. मागचा इतिहास वाचला तर माणसाला सगळीकडे याच क्रमानं कळलेलं दिसतं. ओल आधी कळली, धूळ फार उशिरा.

ओलीचं ज्ञान खरंच जुनं आहे. ग्रीसमधला झेनोफोन हा घोडदळातला माणूस. त्यानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो अंथरुणाच्या आधी जमिनीचं बोलतो. तबेल्याची जमीन ओली आणि गुळगुळीत असेल तर चांगला खूरही बिघडतो, म्हणून तिला उतार द्या आणि खुराएवढे दगड जवळजवळ बसवा, असं त्याचं सांगणं. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं वेगळं प्रकरण आहे. प्रत्येक घोड्याला घोड्याच्या लांबीएवढी चौकोनी जागा, खाली गुळगुळीत फळ्या, खाण्याचं वेगळं कोठार, मूत-लीद बाहेर जायला वाट, तोंड पूर्वेला नाहीतर उत्तरेला. (तबेल्यात माकड, मोर, मुंगूस, पोपट पाळायलाही सांगितलंय. ते कोणाला जमतंय ते बघा.) दोघांचाही मुद्दा एकच, की मूत साचू द्यायचं नाही. साचलं की खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग सडतो, काळं घाण वासाचं पाणी सुटतं. शिवाय मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. तबेल्यात शिरल्यावर डोळे चुरचुरले तर समजायचं की जनावर रात्रभर तेच ओढत होतं.

खरी गंमत शहरात हजारो घोडी आल्यावर झाली. 1890 च्या सुमारास लंडनमध्ये एकट्या जनरल ऑम्निबस कंपनीकडे 10 हजारांच्या आसपास घोडे होते. मोठा घोडा दिवसाला साधारण 8-10 लिटर मूत टाकतो. म्हणजे एका कंपनीचंच रोजचं 80 हजार ते 1 लाख लिटर झालं! खाली गव्हाचं काड. ते यायचं एसेक्स, सफोककडच्या शेतांतून, शिडाच्या बोटींवर गंजी रचून थेम्स नदीनं. त्याच बोटी परत जाताना लंडनची लीद भरून शेतकऱ्याकडे न्यायच्या. काड गेलं आणि खत होऊन आलं. मला हा हिशोब फार आवडतो.

मग 1880 नंतर हॉलंड आणि जर्मनीतून पीट येऊ लागलं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेलं शेवाळ, कापून वाळवलेलं. काड स्वतःच्या वजनाच्या दोन-तीन पट ओल धरतं, चांगलं कोरडं पीट आठ-दहा पट. वर आम्लधर्मी असल्यामुळं अमोनियाही धरून ठेवतं. घोडे ते खात नाहीत. काड मात्र अर्धं पोटात जातं, हे घोडा पाळणाऱ्याला सांगायला नको. बस आणि ट्रामवाल्या कंपन्यांनी ते उचललं. इंग्लंडातही यॉर्कशायरमधल्या थॉर्नच्या दलदलीत डच मजूर आणून पीट काढायला लागले.

पण शेतकरी आणि बागवाले नाराज झाले. त्यांना काडाचं खत हवं होतं. अळिंबीवाल्यांनी तर पीटच्या लिदीला सरळ नकार दिला, कारण अळिंबीला काड-लीद एकत्र तापून कुजलेलीच लागते. शहराला जे सोयीचं ते शेताला चालेलच असं नाही. 1911 मध्ये त्या कंपनीची शेवटची घोड्याची बस बंद झाली आणि भांडणच मिटलं.

या सगळ्यात घोड्याच्या छातीचा विचार कुठं होता? एकट्यादुकट्याला दिसत होतं. सर जॉन फ्लॉयर नावाचा इंग्लिश डॉक्टर स्वतः दम्याचा रोगी. 1698 मध्ये त्यानं दम्यावर पुस्तक लिहिलं, त्यात धाप लागलेल्या एका घोडीची फुप्फुसं फाडून बघितल्याचं वर्णन आहे. रोग माहीत होता, नेमकं कशानं होतो ते पक्कं व्हायला आणखी अडीचशे वर्षं गेली. 1932 मध्ये कॅम्पबेल या डॉक्टरनं इंग्लंडात बुरशी आलेलं गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांचा आजार लिहून काढला. त्यालाच पुढं 'शेतकऱ्याचं फुप्फुस' म्हणू लागले. 1960 च्या दशकात कारण सापडलं. ओलं गवत गंजीत तापतं, त्या उष्णतेत बुरशीसारखे जिवाणू वाढतात आणि त्यांचे बीजाणू साधारण एक मायक्रॉनचे, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. घोड्याच्या धापेतही हीच मंडळी आणि बुरशी सापडली.

आता बगॅसवाल्यांनी नीट वाचा. 1941 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात, म्हणजे उसाच्याच मुलखात, साठवलेला बगॅस हाताळणाऱ्या कामगारांच्या छातीचा आजार नोंदला गेला. त्याला 'बगॅसोसिस' असं नावच पडलं. ताजा बगॅस उन्हात खडखडीत वाळवला तर ओल चांगला पितो. पण कारखान्याच्या ढिगातला, आतून गरम, पांढरी भुकटी उडणारा बगॅस घोडीखाली टाकू नका, आणि ट्रॉलीतून उतरवणाऱ्या गड्याच्याही तोंडावर ओला रुमाल असू द्या. पाचटाचंही तसंच. पावसात भिजून परत वाळलेलं पाचट दिसायला कोरडं असतं, झटकलं की धूर निघतो.

माझं मत विचाराल तर रंधा मारताना निघणाऱ्या कुरळ्या साली सगळ्यात बऱ्या, आरा मशीनचा बारीक भुसा नको. पण लाकूड कुठलं ते विचारा. अमेरिकेत काळ्या अक्रोडाच्या सालींवर उभे राहून घोडे एका दिवसात खुरानं लंगडे झाल्याची उदाहरणं आहेत. नवापूरकडच्या भात गिरणीचं तूस स्वस्त मिळतं, पण ओल फारशी धरत नाही. गव्हाचं काड वापरायचं तर यंदाचं, न भिजलेलं, आणि पसरताना घोडी बाहेर बांधून. धूळ बसायला अर्धा तास तरी द्या. धाप लागलेली घोडी मोकळ्या हवेत ठेवली की बऱ्याचदा काही दिवसांत फरक दिसतो, पण डॉक्टरांना दाखवाच.

लाकडाच्या सालीचं खत लगेच उसाला टाकू नका. गव्हाच्या काडात नत्राच्या साधारण 80 पट कर्ब असतो, लाकडात 400 च्या पुढं. कच्चं टाकलं तर जमिनीतला नत्र तेच खातं आणि ऊस पिवळा पडतो. लीद, शेण, हिरवा पाला घालून उकिरड्यात सहा-आठ महिने ठेवा, दोनदा वरखाली करा, मग शेतात न्या.