पेन्शन, दुकान आणि लेखणी



पोलादपूरच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका श्रोत्या मुलीने आपल्याला विचारलंय, "ताई, मासिकात लेख लिहून घर चालतं का?" ती बारावी झाली आहे, वहीत लिहिते, आणि घरचे म्हणतात की यात काही राम नाही. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर नुसत्या लेखांवर घर चालवणारी माणसं मराठीत फार थोडी झाली. पण तेवढं सांगून तिला परत पाठवणं आम्हाला पटेना. ज्यांनी लिहिलं त्यांची चूल कशावर पेटत होती, हे आपण कधी विचारतच नाही. आज तेच बघू. आणि सुरुवात आपल्या महाडपासूनच करू.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. मासिकं-वर्तमानपत्रांत लिहिणारा आपल्या भागातला जुना माणूस शोधायला निघालं की पहिलं नाव त्यांचं येतं. ते महार समाजातले आणि पलटणीत हवालदार होते. १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीला राहिले. त्या काळी पलटणीत शिपायांना लिहा-वाचायला शिकवत, म्हणून ज्या समाजाला गावच्या शाळेची पायरी चढू देत नव्हते त्यातल्या माणसांच्या हाती पलटणीतून अक्षर आलं. निवृत्तीनंतर गोपाळबाबांनी दुसरी चाकरी धरली नाही. लिहायला बसले. मुंबईच्या 'दीनबंधु'त लिहिलं, आगरकरांच्या 'सुधारका'त लिहिलं. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका काढली. शिवाशिव कुठून आली, कोणत्या आधाराने पाळता, असे प्रश्नच प्रश्न त्यात धर्माच्या जाणकारांना विचारलेले आहेत. पुढे सरकारने महारांची पलटणभरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू करा म्हणून १८९४ साली अर्ज लिहिला तोही त्यांनीच. १८९५ साली त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तर तिथल्या सवर्ण सभासदांनी त्यांच्याबरोबर बसायला हरकत घेतली. १९०० साली ते गेले.

आता बघा, या माणसाच्या हातात शस्त्र म्हणाल तर टाक आणि दौत. लेखाचे पैसे मिळवून ते जगत नव्हते. ते जगत होते पेन्शनीवर. दर महिन्याला ठरावीक रक्कम येणार, ती गावच्या खोताच्या किंवा सावकाराच्या हातात नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते जे लिहायचं ते लिहू शकले. आमच्यातल्या एकीचं म्हणणं असं की पेन्शन नसती तर त्यांनी विटाळावर लिहिलंच नसतं. आम्ही बाकीच्या एवढं म्हणत नाही. लिहिलं असतं, पण किती दिवस, एवढाच प्रश्न.

ज्या 'दीनबंधु'त ते लिहीत, तो कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केला होता. पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो चालवला. आणि पुढे काही वर्षं त्याच्या संपादक होत्या एक बाई, तानूबाई बिर्जे. नवरा वारल्यावर त्यांनी पत्र बंद पडू दिलं नाही. आपल्याला शाळेत हे नाव कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

बायकांचं लिखाण छापून येणं तर त्याच्याही आधीचं. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली १४ वर्षांची मुलगी. तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापून आला. १८५५! आपल्याकडे आगगाडी सुरू होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. तिने आपल्या समाजाच्या अंगावर आलेलं लिहिलं होतं.

मग १९२७ साल आलं. १९ आणि २० मार्चला महाडात परिषद भरली, बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. हे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघालं, हे मात्र फार जणींना ठाऊक नसतं. महाडात जे घडलं त्याची बाजू मांडायला स्वतःचा कागद हवा होता. त्यासाठी पैसा नव्हता, लिहिणारी माणसं नव्हती. अंकातला मोठा मजकूर बाबासाहेबांनाच लिहून काढावा लागे. १९२९ च्या नोव्हेंबरात ते बंद पडलं. त्याच डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब महाडात बायकांशी वेगळं बोलले होते. त्या सभेला बसलेल्या बायका कोण, कुठल्या वाडीच्या, घरी पोरं कुणाकडे ठेवून आल्या होत्या? त्यातल्या फार थोड्या बायकांबद्दल काही छापून राहिलं.

ते काम साठ वर्षांनी झालं, तेही दोन बायांनीच केलं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार. आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांकडे त्या गेल्या, बसल्या, विचारलं, लिहून घेतलं. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. ऊर्मिलाताई आपल्या कोकणच्याच, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. त्यांची आई बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणून घर चालवायची. त्या विणकामाला आयदान म्हणतात आणि आपल्या आत्मकथनालाही त्यांनी तेच नाव दिलं. आणि कथा, लेख लिहिताना त्यांची चूल कशावर पेटत होती? सरकारी नोकरीवर. दिवसा कचेरी, मग घर, मग लिखाण.

पण आमच्या सगळ्यांच्या जवळची बाई म्हणजे फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांच्यापाशी पेन्शन नव्हती, नोकरी नव्हती. होतं एक लहानसं दुकान. लग्न तेराव्या वर्षी झालेलं. नवराबायकोने थोडा थोडा माल आणून विकायला सुरुवात केली आणि पुढे किराणा ठेवला. माल बांधायला रद्दी यायची. जुन्या वर्तमानपत्रांचे ते कागद बेबीताई पुडी बांधण्याआधी वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायच्या. आजीने सांगितलेलं, महारवाड्यात पाहिलेलं, सासुरवाशिणींचे हाल, सगळं. आणि वही लपवायच्या, कारण नवऱ्याला कळलं तर काय होईल ही धास्ती. अशी वीसएक वर्षं वह्या लपलेल्या राहिल्या. आपल्यापैकी किती जणींनी बचत गटाचं पासबुक तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, आठवा.

फलटणला मॅक्सिन बर्नसन नावाच्या अभ्यासक बाई राहायच्या. जन्माच्या अमेरिकेच्या, पण इथल्याच झालेल्या. त्यांना या वह्यांचा पत्ता लागला आणि हे छापलं पाहिजे असा त्यांनी धीर दिला. मग 'स्त्री' मासिकात ते क्रमाक्रमाने आलं. हे 'स्त्री' मासिक किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केलेलं, गावोगाव जाणारं. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक झालं, पुढे इंग्रजीतही गेलं. दुकान होतं म्हणून कागद होता आणि दुपारचा निवांत तासही होता. घरात बसून तो तास मिळाला असता का? आम्हाला वाटतं, नाही.

एक पुरुषाचं उदाहरणही सांगायला हवं, कारण ते बायकांचंच आहे. अनिल अवचट डॉक्टर झाले, पण दवाखाना चालवण्यात रमले नाहीत. हिंडले, माणसांशी बोलले आणि 'साधना'सारख्या साप्ताहिकांत, मासिकांत लिहीत राहिले. हमालांवर लिहिलं, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांवर लिहिलं. नोकरी न धरता निरनिराळ्या अंकांना लेख देत राहण्याला शहरात फ्रीलान्स म्हणतात, तसं त्यांचं आयुष्य. मग घर? घर त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांच्या पगारावर. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत आणि हे घरी मुली सांभाळत, स्वयंपाकात हात घालत. अवचटांनी हे कधी झाकलं नाही. आम्हाला ते त्यांच्या लेखांइतकंच आवडतं. पुष्कळ लेखकांच्या पाठीशी अशी एक बाई असते, पण तिचा पगार कुठे छापून येत नाही.

आता थोडं पैशाचं बोलू. लेखाच्या पैशाला मानधन म्हणतात. हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन. आशाताईला पगार नाही, मानधन. मजुरी म्हटलं की दर ठरतो, तास मोजतात, कमी दिली तर भांडता येतं. मानधन म्हटलं की जे दिलं ते गोड मानायचं. जिथे जिथे बाईच्या कामाची किंमत ठरवायची वेळ येते तिथे हा 'मान' पुढे येतो आणि धन मागे राहतं. दिवाळी अंकांची चाल मराठीत जुनी, 'मनोरंजन' मासिकाचा १९०९ सालचा अंक पहिला मानतात. त्या अंकांना दरवर्षी केवढे लेख लागतात! ते लेख कुणाच्या तरी घरातल्या चुलीपाशी, लेकरं झोपल्यावर लिहिले जातात.

आमचाच अनुभव ऐका. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्री आणि गांधारी चढल्या, महाड पाण्याखाली गेलं, आणि तळीयेत दरड कोसळली. कॅमेरे आले, आठ-दहा दिवस राहिले, गेले. त्याआधी २००५ साली दासगाव, जुईवर दरड आली तेव्हाही असंच. पण पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल असतो. तो कोण उपसतं, भिजलेलं भाताचं बी कसं वाळवतात, ओली शिधापत्रिका कुठे सुकवतात, हे लिहायला कुणी थांबत नाही. ते आम्ही लिहिलं. पाच जणींनी बोलून, एकीने लिहून. शहरातल्या एका अंकाला पाठवलं. चार महिने काही नाही. मग कुणाच्या तरी हातात अंक दिसला. लेख आमचा, वाक्यंसुद्धा आमची, आणि खाली भलत्याच माणसाचं नाव, त्यापुढे 'संकलन'. फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमच्या गावाला प्रसिद्धी मिळाली ना?" त्या रात्री आमच्यातली एक आजी म्हणाली, पूर्वी मुंबईला चाकरमान्याला पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, तेव्हासुद्धा खाली नाव माझंच असायचं.

मग आम्ही कायदा विचारून घेतला. तो त्या पोलादपूरच्या मुलीसाठी नीट सांगतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तू कुणाच्या नोकरीत नसताना लेख लिहिलास, तर त्याची पहिली मालकीण तू. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, लिहिलंस की हक्क आला. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच दिला असं धरतात. आणि हक्क दिला तरी हे मी लिहिलंय असं म्हणण्याचा अधिकार तुझ्याकडेच राहतो. तुझ्यामागे साठ वर्षं हा हक्क वारसांकडे असतो. म्हणजे जमिनीच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायला किती फेऱ्या माराव्या लागतात ते आपण जाणतो, इथे मात्र नाव आपोआप चढलेलं आहे. ते फक्त कुणाला खोडू द्यायचं नाही.

तेव्हापासून आमची रीत अशी. लेखाची एक प्रत आपल्यापाशी ठेवतो. पुरात वही जाते हे शिकलोय, म्हणून पानांचे फोटो काढून तिघींच्या मोबाइलमध्ये ठेवतो. लेख पाठवण्याआधीच विचारतो, छापणार कधी, नाव कसं येणार, मानधन किती आणि केव्हा. पहिल्यांदा विचारताना एकीचा आवाज कापत होता. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. तिसऱ्याने पाचशे रुपये सांगितले आणि अंक निघाल्यावर दिलेही. पाच जणींत शंभर शंभर. एका दिवसाच्या लावणीच्या मजुरीलाही ते कमीच, हे आम्ही हिशोबाच्या वहीत लिहून ठेवलंय. पण खाली पाचही जणींची नावं होती.

तर मुली, वही सोडू नकोस. आणि शिवणाचा क्लास लावायचा तू म्हणत होतीस, तोही सोडू नकोस. शिवणाचे पैसे तुझ्या हातात राहिले तर लेख कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हे तुला ठरवता येईल. तुझ्या वरच्या अंगाच्या वाड्यांत मार्चनंतर पाणी कुठून आणतात, किती फेऱ्या होतात, हंडा आधी कुणाचा भरतो, यावर आम्हाला दोन पानं लिहून पाठव. आमच्यातल्या कुणालाही ते माहीत नाही. मानधन आमच्याकडे फार नाही, ते किती हे पाठवण्याआधी फोन करून विचार.